दोन हजारांच्या डोंगलने ड्रोन पकडता येत नाही

रबाळे_रेडिओ
परवा इथे कुणीतरी लिहिलं : 'दोन हजारांचा डोंगल, एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), मोफत सॉफ्टवेअर, झाला ड्रोन डिटेक्टर. प्रत्येक सोसायटीने गच्चीवर बसवावा.' खाली टाळ्यांचा पाऊस. मला राहवलं नाही.

तो डोंगल म्हणजे आरटीएल-एसडीआर, संगणकाला लावायचा रेडिओ रिसीव्हर. तो साधारण १.७ गिगाहर्ट्झला संपतो. बाजारातले बहुतेक ड्रोन २.४ आणि ५.८ वर बोलतात. मग तो ऐकणार काय? हॅकआरएफ हा दुसरा रिसीव्हर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण एका वेळी २० मेगाहर्ट्झच दिसतात आणि २.४ चा पट्टा आहे ८३.५ चा. आठ महिने मी याच्यावर घासतोय. मी बनवलेल्या पहिल्या डिटेक्टरच्या डब्यात नुसती सिग्नलची ताकद मोजली, थ्रेशोल्ड ओलांडला की बझर. पहिल्याच रात्री चाळीस वेळा वाजला. सगळे राउटर! लोकांना खोटा धीर देऊ नका.

घोडबंदर_१९वा_मजला
तुमचे गिगाहर्ट्झ राहू द्या. मे महिन्यात सकाळी सव्वासातला मुलगी खिडकीपाशी केस विंचरत होती आणि समोर ड्रोन थांबलेला. चौकीत गेले तर विचारलं, कोण उडवत होतं, कुठून? मला काय माहीत? आजही तो पडदा आम्ही उघडत नाही. चाळीसदा खोटा वाजून एकदा खरा वाजला तरी मला चालेल.

निवृत्त_दूरसंचार
रबाळेकर, ताकद मोजत बसलात तिथेच चुकलात. सिग्नलची रचना बघा. डीजेआय या चिनी कंपनीचे बरेच ड्रोन सेकंदाला एक-दोनदा ओळख-संदेश सोडतात. जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी तपासलेल्या ड्रोनमध्ये तो एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद, नव्हता, हे त्यांनी २०२३ मध्ये दाखवलं. त्यात ड्रोनची जागा असते आणि उडवणाऱ्याचीही. ताईंना चौकीत हेच विचारलं होतं ना? संदेश १० मेगाहर्ट्झचा, तुमच्या २० त आरामात मावतो. नेहमीच्या वाय-फायचा सिम्बॉल (सिग्नलचा एक तुकडा) ४ मायक्रोसेकंदांचा, याचा ६६ च्या वर. प्रत्येक सिम्बॉलच्या शेवटचा भाग त्याच्या सुरुवातीला पुन्हा येतो, तो सायक्लिक प्रिफिक्स. त्यावर ऑटोकोरिलेशन लावा, म्हणजे सिग्नल स्वतःशीच ताडून बघा, राउटर गळून पडतील.

रबाळे_रेडिओ
काका, दुसऱ्या डब्यात तेच लावलंय. राउटर गळले, मान्य. पण गच्चीवर नेला तर आंधळा झाला. २३०० ते २४०० मेगाहर्ट्झमध्ये फोर-जी चालतं, ड्रोनच्या पट्ट्याला अगदी खेटून. सोसायटीने भाड्यासाठी टॉवर गच्चीवरच घेतलाय आणि हॅकआरएफ ८ बिटचा, म्हणजे मोठ्या आवाजासोबत बारीक आवाज टिपायला कमी पडतो. टॉवरच्या ओरडण्यात ड्रोनची कुजबुज बुडते. फक्त ड्रोनचा पट्टा आत सोडणारा बँडपास फिल्टर हवा, तोही अँटेनाला चिकटून. शिवाय घरी जोडलेला एफपीव्ही (चष्म्यातून कॅमेरा बघत उडवायचा ड्रोन) असला संदेश सोडत नाही. युक्रेनमध्ये तर फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन आहेत, त्यांचा रेडिओच नसतो.

लग्नसराई_ठाणे
ताईंच्या खिडकीपाशी आला तो नालायकच. पण म्हणून सगळे ड्रोनवाले चोर? उपवनला प्री-वेडिंग करताना एका गृहस्थाने माझ्या ड्रोनवर दगड मारला. सर्टिफिकेट दाखवलं, सरकारी नकाशावरचा ग्रीन झोन (ड्रोनला मोकळा भाग) दाखवला, ऐकेचना. ड्रोनचा हप्ता अजून फेडतोय. तुमचे डबे बसले की रोज कुणीतरी दगड घेऊन उभा राहील.

नेरुळ_पाणथळ
तुमच्याच धंद्यातल्या एकाने एप्रिलमध्ये डीपीएस तलावावर ड्रोन इतका खाली आणला की चिखलात चरणारा फ्लेमिंगोंचा थवा एका झटक्यात उठला. तास दीड तास परत बसला नाही. एका रीलसाठी!

लग्नसराई_ठाणे
तो मी होतो का? तुम्ही पक्षीवाले आमच्यावर दात ठेवूनच बोलता. लेन्स घेऊन चिखलात उतरणारे तुमचे लोक थवे उठवत नाहीत?

नेरुळ_पाणथळ
उठवतात, त्यांनाही मी तोंडावर बोलते. पण माणूस येताना पक्ष्यांना लांबून दिसतो, ते हळूहळू सरकतात. वरून काही आलं की त्यांच्या लेखी ती घारच. वर्षाला जेमतेम काही महिने येतात, तेवढं तरी पोटभर खाऊ द्या ना.

लग्नसराई_ठाणे
बरं, तलावावर उडवू नये हे खरं. माझ्या ग्रुपवर लिहितो. माफी मात्र मागणार नाही, मी केलेलं नाही.

घोडबंदर_१९वा_मजला
फ्लेमिंगोंवर इतकं बोललात, माझ्या मुलीचं काय? आमच्या व्हॉट्सअॅपवर जॅमर मागवायचं चाललंय.

निवृत्त_दूरसंचार
ताई, जॅमर अजिबात नको. खाजगी माणसाने लावणं बेकायदा आहे आणि अख्ख्या इमारतीचं वाय-फाय बसेल. डबा फक्त ऐकतो, तेवढंच करा.

रबाळे_रेडिओ
काकांशी सहमत. आणि ताई, मघाशी तुमचं वाचून न वाचल्यासारखं केलं, ते चुकलं. डीजेआयचा असेल तर उडवणाऱ्याची जागा मिळू शकते, एवढं मान्य करतो. गच्चीऐवजी तुमच्या बाल्कनीत टॉवरपासून आडोसा मिळेल. फिल्टर लावून रविवारी डबा आणतो. हमी देत नाही. पण किती अंतरावरून ऐकू येतं हे मोजायला माहितीतला ड्रोन लागेल.

लग्नसराई_ठाणे
माझा आणतो. नकाशा आधी बघीन, ग्रीन असेल तरच, तेही दोन बॅटऱ्या. नेरुळला बोलावू नका, तिथे विमानतळ जवळ आहे. आणि ताईंनी सोसायटीत आधी सांगून ठेवावं, दगड नको.

घोडबंदर_१९वा_मजला
सांगते. सकाळी सव्वासातला या, तो त्याच वेळी आला होता.