भाऊबीजेच्या ओवाळणीतले गिफ्ट कार्ड: शुभेच्छापत्र आणि पाकीट घरी कसे करावे?

शेंडेफळ:

नमस्कार. मला दोन सख्ख्या आणि दोन चुलत अशा चार बहिणी आहेत. गेली तीन वर्षे मी भाऊबीजेची ओवाळणी गिफ्ट कार्डाच्या रूपाने देत आहे, कारण साडीचा रंग आणि भांड्याचा आकार या दोन्ही बाबतींतली माझी निवड घरात थट्टेचा विषय होऊन बसली आहे. मात्र दुकानातून मिळालेल्या चकचकीत घडीत ते प्लॅस्टिकचे कार्ड ठेवून ताटात टाकणे फार रुक्ष वाटते. गेल्या वर्षी थोरल्या बहिणीने ‘ही ओवाळणी आहे की पार्किंगची पावती?’ असे विचारले, तेव्हा यंदा शुभेच्छापत्र आणि पाकीट दोन्ही स्वतःच्या हाताने करायचे मी ठरवले.

मागच्या रविवारी केलेला पहिला प्रयत्न पुरता फसला. मी ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) मरून रंगाचा चकचकीत कार्डशीट ए-४ आकारात आणून मधोमध दुमडला, तर घडीवरचा रंगीत थर तडकला आणि आतला पांढरा कागद एखाद्या ओरखड्यासारखा दिसू लागला. आत कार्डासाठी खिसा चिकटवला, तर पांढरा डिंक वाळल्यावर ते पान होडीसारखे वाकले. खिसा कार्डाच्या नेमक्या मापाचा कापल्यामुळे कार्ड आत जाईना आणि जोर लावताच खिशाची कड सुटली. पाकीट शुभेच्छापत्रापेक्षा प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर मोठे केले होते, पण आत गिफ्ट कार्ड असलेले शुभेच्छापत्र त्यात शिरलेच नाही.

घडी का तडकते, खिशाचे आणि पाकिटाचे माप कसे ठरवावे आणि कोणता कागद घ्यावा, हे जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील. माझ्याकडे स्टीलची पट्टी, कटर आणि चार रविवार आहेत.

पुठ्ठेवाला:

आमच्या घरी बाइंडिंगचे काम होते, त्यामुळे तुमच्या तडकलेल्या घडीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातले बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरलेले असतात आणि या दिशेला छापखान्यात आणि बाइंडिंगमध्ये ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घातलेली घडी स्वच्छ येते. ग्रेनला आडवी घातलेली घडी तंतू मोडतच पडते, आणि जाड कागद असेल तर तिथे तो फुटतो. तुमचा कागद चकचकीत, म्हणजे वर लेप दिलेला होता. तो लेप ताणला जात नाही, त्यामुळे तडा अधिकच उठून दिसला.

ग्रेन ओळखण्यासाठी कागद न दुमडता दोन्ही हातांनी हलकेच वाकवून पाहावा, आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून. ज्या दिशेने तो मुकाट्याने वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर त्याचा ग्रेन असतो. ए-४ आकारात कापून मिळणाऱ्या कागदांत तो बहुधा २९७ मिलिमीटरच्या बाजूला समांतर असतो. असा कागद मधोमध दुमडला की घडी २१० मिलिमीटरच्या बाजूला समांतर, म्हणजे नेमकी ग्रेनला आडवी पडते, आणि तुमच्याकडे तेच झाले. त्याऐवजी ए-४ कागद मधोमध कापून ए-५ आकाराचे दोन तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडावा. आता घडी १४८ मिलिमीटरच्या बाजूला समांतर पडते, जी ग्रेनचीच दिशा आहे. अशा रीतीने एका कागदात १०५ × १४८ मिलिमीटरची दोन शुभेच्छापत्रे होतात, म्हणजे चार बहिणींना दोन कागद पुरतात. तरीही वाकवून पाहण्याची खात्री आधी करावी, कारण दुकानदार मोठ्या शीटमधून कसेही कापून देतात.

दुमडण्यापूर्वी क्रीज मारणे आवश्यक आहे. संपलेल्या बॉलपेनची कोरडी रिफील पट्टीला टेकवून घडीच्या रेषेवरून दोनदा दाबून ओढावी. खाली जुन्या कॅलेंडराचा पुठ्ठा ठेवावा, कारण टणक टेबलावर खाच उमटत नाही. इथे नवशिके नेहमी एक चूक करतात आणि मीही लहानपणी त्यासाठी टपली खाल्लेली आहे. रिफिलीने एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी खाचेकडे घालावी असे वाटते, पण प्रत्यक्षात उंचवटा आत आणि खाच बाहेर राहील अशी घालायची असते, म्हणजे बाहेरच्या थरावर ताण कमी पडतो.

पान वाकण्याचे कारण डिंकातले पाणी. ओला तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतो, त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो आणि वाळताना आकसून पानाला ओढतो. खिशाच्या कागदाचा ग्रेन शुभेच्छापत्राच्या ग्रेनच्याच दिशेने ठेवावा आणि पातळ डिंकाऐवजी दुतर्फी टेप किंवा ग्लू स्टिक वापरावी. आमची मैद्याची खळ पुस्तकांसाठी उत्तम असली तरी तिच्यात पाणी फार असते, आणि कसर लागू नये म्हणून घातला जाणारा मोरचूद विषारी असतो, म्हणून या कामासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

कातरकाम:

पुठ्ठेवाला यांनी कागदाचे सांगितले आहे, मी मापांचे सांगते. मी दिवाळीच्या प्रदर्शनांत शुभेच्छापत्रे विकते आणि गिफ्ट कार्ड ठेवता येईल अशा पत्रांची मागणी दरवर्षी असते.

आपण कागदापासून सुरुवात केलीत, म्हणून पुढची सगळी मापे चुकत गेली असे मला वाटते. मी आधी गिफ्ट कार्ड मोजते, त्याच्याभोवती खिसा आखते, खिशाभोवती पत्र आणि सर्वांत शेवटी पाकीट. बहुतेक गिफ्ट कार्डे बँकेच्या कार्डाच्याच मापाची, म्हणजे ८५.६ × ५३.९८ मिलिमीटरची असतात. बँकेचे कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असते, आणि जाडी जमेस धरली नाही तर खिसा फाटतोच. कामापुरते कार्ड ८६ × ५४ धरावे.

खिशाचे तोंड वरच्या बाजूला ठेवले तर पत्र उलटे धरताच कार्ड खाली पडते, म्हणून मी ते पत्राच्या घडीकडे ठेवते. पत्र मिटलेले असताना घडीच कार्डाला अडवते. ए-६, म्हणजे वर सांगितलेल्या १०५ × १४८ च्या पत्राच्या आतल्या उजव्या पानासाठी खिसा आतून ५८ मिलिमीटर उंच आणि ६२ मिलिमीटर खोल ठेवावा आणि त्याचा बंद काठ पानाच्या बाहेरच्या कडेपासून ८ मिलिमीटर आत घ्यावा. कार्ड २४ मिलिमीटर बाहेर डोकावते, बोटांनी सहज धरता येते आणि त्याच्या टोकापासून घडीपर्यंत ११ मिलिमीटर मोकळे राहतात. यासाठी १२० जीएसएमच्या कागदाचा ८२ × ७४ मिलिमीटरचा तुकडा लागतो. ८२ च्या दोन्ही टोकांना आणि ७४ च्या एका टोकाला १२ मिलिमीटरची पट्टी मागे दुमडायची, कोपरे तिरके छाटायचे आणि चिकटवायचे ते फक्त या तीन पट्ट्यांवर. टेप आतल्या कडेपर्यंत नेऊ नये, अन्यथा कार्डाची कड तिला अडकते.

पाकिटासाठी ११४ × १६२ मिलिमीटर, म्हणजे बाजारात सी-६ म्हणून मिळणारे माप धरावे. ते एका ए-४ कागदात बसते. मधला चौकोन ११४ उंच आणि १६२ रुंद, डाव्या-उजव्या बाजूला १८ मिलिमीटरच्या पट्ट्या, खाली ८५ मिलिमीटरची आणि वर ५० मिलिमीटरची झडप. एकूण १९८ × २४९ होते. आधी बाजूच्या पट्ट्या आत दुमडाव्यात, त्यांच्यावर टेप लावून खालची झडप चढवावी. वरची झडप तिच्यावर २१ मिलिमीटर चढते. पाकिटाला ३०० जीएसएमचा कागद कधीही वापरू नये. १०० ते १२० पुरेसा होतो.

सुवासिक टिकल्या, मोती आणि चमकी यांचा मोह आवरावा, कारण पाकिटातून पत्र ओढताना त्यांतला निम्मा ऐवज आतच राहतो.

शेंडेफळ:

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे जुना तुकडा वाकवून पाहिला आणि घडी खरोखरच ग्रेनला आडवी होती. आता दोन शंका उरतात. चकचकीत कागदावर जेल पेनची शाई पुसली जाते, तर शुभेच्छापत्रासाठी हातकागद चालेल का? दुसरे असे की, ताटात कुंकू, भिजलेल्या अक्षता आणि निरांजन असते, तिथे हे पाकीट ठेवावे तरी कसे?

निळी_शाई:

हातकागद अवश्य चालेल. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांनी १९४० साली सुरू केलेली हातकागद संस्था आहे आणि तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. आपल्याकडे ही परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता आणि खुलताबादजवळच्या एका गावाचे नावच कागजीपुरा आहे.

साच्यावर एकेक ताव उचलून केलेल्या कागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे वर चर्चिलेला ग्रेनचा प्रश्न त्यात जवळपास नसतो आणि सुती तंतू लांब असल्याने घडी सहसा फुटत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. जाडी सगळीकडे सारखी नसते आणि शाई फुटू शकते. म्हणून आधी कोपऱ्यावर ‘श्री’ लिहून पाहावे. शाईच्या पेनाने फुटत असेल तर साधे बॉलपेन किंवा पिगमेंट शाईचे बारीक टोकाचे पेन वापरावे. कडेला असलेला झालरीसारखा काठ कापून टाकू नये. मला विचाराल तर तोच या कागदाचा दागिना आहे आणि तो ठेवला की बाहेर वेगळ्या सजावटीची गरज राहत नाही. फक्त पाकिटाचे माप त्या काठासह मोजावे.

जमाखर्च:

कागदाबद्दल मला काही कळत नाही, पण आतल्या कार्डाबद्दल लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून घेतलेले कार्ड काउंटरवर चालूच केलेले नव्हते आणि माझी बहीण खरेदी करून बिलाच्या रांगेत उभी राहिल्यावर ते उघड झाले. तेव्हापासून मी विकत घेतानाच शिल्लक तपासतो आणि चालू केल्याची पावती स्वतःजवळ जपून ठेवतो.

पाकीट बंद करण्यासाठी काही जण छोटे लोहचुंबक लावतात. कार्डामागे काळी चुंबकीय पट्टी असेल तर ते टाळावे, तिच्यातली माहिती पुसली जाऊ शकते. कार्डाला थेट टेपही लावू नये, कारण पिनवरचा खरवडायचा थर टेपेबरोबर निघून येतो. वापराची मुदत पत्रात खिशाखाली पेन्सिलीने लिहावी. आमच्या घरी तीन कार्डे कपाटातच कालबाह्य झाली.

नियमांचे म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०२१ साली काढलेल्या निर्देशांनुसार बँकांच्या आणि परवानाधारक कंपन्यांच्या गिफ्ट कार्डाची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि ते रोखीत बदलून मिळत नाही. एखाद्या दुकानाचे केवळ त्याच दुकानात चालणारे कार्ड या चौकटीत येत नाही, म्हणून त्याच्या अटी वेगळ्या वाचाव्यात.

माजघर:

ताटाचे मी सांगते. निरांजन तेवत असलेल्या ताटात कागद ठेवूच नये, मग तो कितीही देखणा असो. आमच्याकडे औक्षण झाल्यावर भाऊ ताटात एक रुपया आणि सुपारी ठेवतो, बहीण निरांजन बाजूला ठेवते आणि मग पाकीट हातात दिले जाते. ताटातच द्यायचे असेल तर वेगळी कोरडी तबकडी घ्यावी. कुंकवाचे बोट लागेलच असे गृहीत धरून पाकिटाचा एक कोपरा मोकळा ठेवावा आणि नाव त्यापासून दूर लिहावे. हातकागदावरचे कुंकू निघत नाही, पण भाऊबीजेच्या पाकिटावर ते असले तर बिघडते काय?

शेंडेफळ:

काल तिसरा रविवार झाला. चार पत्रे आणि चार पाकिटे तयार आहेत. पत्रांसाठी फिकट पिवळा हातकागद वापरला, खिसा मरून रंगाच्या १२० जीएसएम कागदाचा केला आणि मापे कातरकाम यांनी दिलेलीच ठेवली. कार्ड पहिल्याच खेपेला आत गेले. पहिल्या पाकिटात मात्र पत्र अडकले, कारण कागदाचा झालरीचा काठ मोजायचे मी विसरलो होतो. पुढच्या पाकिटांची रुंदी १६६ केली आणि बाजूच्या पट्ट्या १६ वर आणल्या, तेव्हा बेरीज १९८ च राहिली आणि ए-४ कागद पुरला.

अडकलेले पाकीट टाकून न देता त्यात चारही कार्डांच्या पावत्या ठेवल्या आहेत. चारही कार्डांतली शिल्लक तपासली. एका कार्डाची मुदत पुढच्या जूनमध्येच संपते असे आढळले, ते धाकटीला न देता थोरलीला द्यायचे ठरवले आहे, कारण तिचे कार्ड गुढीपाडव्याच्या आत संपते असा अनुभव आहे. तिच्या पाकिटावर मी मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पार्किंगची पावती’ असे लिहिले आहे.