जुना सी कोड, नवा जीसीसी: फाइलनिहाय मानक वेगळे ठेवणे सुरक्षित आहे का?

१९९०च्या दशकात लिहिलेला आणि आजही वापरात असलेला सी भाषेतील एक प्रकल्प ६४ बिट लिनक्सवर जीसीसी या कंपाइलरच्या १५व्या आवृत्तीने कंपाइल करायचा आहे. अघोषित फंक्शनचा वापर जीसीसी १४ पासूनच त्रुटी ठरतो. शिवाय १५ मध्ये सी२३ (सी भाषेचे २०२३चे मानक) हे आपोआप लागू होणारे मानक झाल्यामुळे फंक्शनच्या घोषणेतील रिकाम्या कंसांचा अर्थ 'एकही आर्ग्युमेंट नाही' असा होतो आणि जुन्या धाटणीचे कॉल अडतात.

सर्वत्र जीएनयू८९ मानक (१९८९च्या सी मानकाचे जीसीसीतील रूप) लावून पाहिले. जुन्या फाइली कंपाइल होतात, परंतु नव्या फाइलींत फॉर लूपच्या आतच व्हेरिएबल घोषित केलेली असल्याने त्या नाकारल्या जातात. काही त्रुटींना नुसते इशारे ठरवणाऱ्या 'पर्मिसिव्ह' पर्यायाने रिकाम्या कंसांचा प्रश्न सुटत नाही, आणि अघोषित फंक्शनने परत केलेला पॉइंटर ३२ बिटांत कापला जाण्याचा धोका तसाच राहतो, म्हणून तो मार्ग मला मान्य नाही. बांधणीपूर्वी यंत्रणा तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट ती बनवणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाच्या नव्या आवृत्तीने पुन्हा तयार केली आहे. सर्व जुना कोड एकदम सुधारणे तूर्त शक्य नाही.

आता जुन्या फाइलींना जीएनयू८९ आणि नव्यांना सी२३ असे मानक देऊन दोन्ही एकत्र लिंक करण्याचा विचार आहे. दोन्हींच्या हेडर फाइली (घोषणा असलेल्या फाइली) सामाईक आहेत. 'इनलाइन' (फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच घालण्याची सूचना) या शब्दाचा अर्थ या दोन मानकांत वेगळा असल्याचे ठाऊक आहे, आणि त्यासाठी तशी सर्व फंक्शने 'स्टॅटिक इनलाइन' करणार आहे. ज्यांनी अशी मिश्र बांधणी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांना विचारावेसे वाटते: याखेरीज, कंपाइलर किंवा लिंकर कोणतीही तक्रार न करता प्रोग्रामचे वर्तन बदलेल, असा आणखी कोणता फरक सामाईक हेडरमध्ये तपासावा?