टास्मानिया, 1909 : कोट्याचं गणित

टास्मानिया या ऑस्ट्रेलियातल्या राज्याच्या 1909 च्या निवडणुकीबद्दल असं म्हटलं जातं की सहा जागांच्या मतदारसंघात पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं मिळालेले सहा जण निवडून आले. तसं नव्हतं. हेअर-क्लार्क पद्धत (मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतो आणि निवडून आलेल्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात) राज्यभर पहिल्यांदा वापरली गेली ती 30 एप्रिल 1909 च्या निवडणुकीत : 5 मतदारसंघ, प्रत्येकी 6 जागा. मतदाराने किमान 3 पसंतिक्रम द्यायचे, नाहीतर मत बाद.

कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी मतं : वैध मतं भागिले 7 (जागांपेक्षा एक जास्त), अधिक 1. समजा 7000 वैध मतं, तर कोटा 1001. एखाद्याला पहिल्याच फेरीत 1400 मिळाली तर 399 जादा. इथेच बहुतेकांची गल्लत होते : वरच्या 399 मतपत्रिका उचलून वाटत नाहीत, कारण मग कोणत्या उचलल्या यावर निकाल ठरेल. सगळ्या 1400 तपासतात आणि प्रत्येकीचं मूल्य 399/1400, म्हणजे 0.285 धरतात. त्यातल्या 600 वर दुसरी पसंती 'ब'ला असेल तर 'ब'ला 171 मतं.

पुढच्या फेऱ्यांत कुणी कोटा ओलांडला तर मात्र फक्त शेवटी आलेला, म्हणजे ज्याने कोटा ओलांडला तो, मतपत्रिकांचा गठ्ठा तपासला जातो. मला हा या पद्धतीतला खरा कच्चा दुवा वाटतो. जादा मतं संपली की तळाचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिका आहे त्या मूल्याने पुढे.

आपल्या विधान परिषदेच्या आमदारांमधून होणाऱ्या निवडणुकीतही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात.