मदत हवी आहे: चाकावरच्या हॉर्सपॉवरवरून क्वार्टर माइलची वेळ कशी काढायची?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. माझी फोक्सवॅगन पोलो, १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल. कंपनीची ताकद ११० पीएस, वर रीमॅप केलंय, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलीय. मागच्या आठवड्यात डायनोवर (चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवली, चाकावर ११८ हॉर्सपॉवर आले. देवास नाक्याजवळच्या धर्मकाट्यावर माझ्यासकट वजन केलं : ११९० किलो, म्हणजे २६२३ पाउंड.

पुढच्या महिन्यात एका ड्रॅग इव्हेंटमध्ये, म्हणजे सरळ रेषेत क्वार्टर माइल (सुमारे ४०२ मीटर) गाडी पळवण्याच्या स्पर्धेत, पहिल्यांदाच उतरतोय. फॉर्मवर आपली अंदाजित वेळ आधीच लिहून द्यायची आहे. त्याहून कमी वेळात गाडी पोचली तर बाद, म्हणून उगाच जास्त वेळ लिहून सुरक्षित राहायची सोय नाही. सुपर कॉरिडोरवर रात्री पळवून बघ, असं दोघांनी सुचवलं. ते मी करणार नाही. तिथून लोक घरी जात असतात.

सगळीकडे एकच सूत्र सापडलं : वजन पाउंडात, भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले ५.८२५. माझे ११८ टाकले की १६.४ सेकंद येतात. काही ठिकाणी ५.८२५ च्या जागी ६.२९ आहे, त्यानं १७.७ येतात. सव्वा सेकंदाचा फरक!

मग स्वतः कागदावर मांडलं. ताकद पूर्ण वेळ सारखी धरली आणि हवा, टायर, गिअर सगळं सोडून दिलं, तर घनमूळ आपोआप येतं, पण गुणक निघतो साधारण ४.८. माझ्या गाडीला साडेतेरा सेकंद. हे अशक्य आहे, एवढं मलाही कळतं. मग खरा आकडा कुठला?

पठारावरचा :
भाऊ, मांडणी बरोबर आहे. ४.८ ही आदर्श गाडी. सुटताना चाकं फिरतात, गिअर बदलताना ताकद तुटते, शेवटी हवा अडवते, आणि गुणक वर चढतो. ५.८२५ हा खऱ्या गाड्यांच्या वेळांवरून बसवलेला आकडा आहे, पण तो इंजिनच्या, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या ताकदीसाठी. तुम्ही चाकाचा टाकलात, म्हणून वेळ जास्त आली. पुढची चाकं ओढणाऱ्या मॅन्युअल गाडीत साधारण १५ टक्के मधेच जातात असं धरतात. ११८ ला ०.८५ ने भागा : १३९. वेळ १५.५ च्या आसपास.

आता डायनोचा कागद पुन्हा बघा. त्यावर करेक्शन फॅक्टर लिहिलाय का?

धागाकर्ता :
हो दादा, १.०७ लिहिलंय. मी ते मशीनचं काहीतरी समजून सोडून दिलं होतं.

पठारावरचा :
तिथेच गोम आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, त्यात उन्हाळा. डायनो हवेचा दाब आणि तापमान बघून आकडा प्रमाण हवामानाला फुगवतो. साध्या इंजिनाला ते योग्य. टर्बो इंजिनात मात्र ठरलेला बूस्ट (आत ढकललेल्या हवेचा दाब) गाठण्यासाठी टर्बो पातळ हवेतही जास्त फिरून बरीच भरपाई करून घेतो, त्यामुळे एवढी दुरुस्ती त्याला लागत नाही. ११८ ला १.०७ ने भागा : चाकावर तुमचे मोजलेले खरे ११०. ते पुन्हा ०.८५ ने भागून सूत्रात टाकले की १५.९ येतात. सुटतानाची वेळ मात्र कुठलंही सूत्र नेमकी सांगत नाही. पुढच्या चाकांची गाडी जोरात सुटली की वजन मागे जातं आणि पकड सुटते. म्हणून ताकद ओळखायला शेवटचा वेग बघा, तो शेवटच्या ६६ फुटांतला सरासरी वेग असतो. चुकलेल्या सुरुवातीचा त्याच्यावर फार परिणाम होत नाही. तुमच्या गाडीला ताशी १३८ किलोमीटर यायला हवेत.

आणखी एक. घड्याळ चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून पुढे गेल्यावर सुरू होतं, दिवा हिरवा झाल्यावर नाही. प्रतिक्रियेला लागलेला वेळ यात धरू नका.

धागाकर्ता :
दादा, मनापासून धन्यवाद. दोन दिवस हाच गुंता डोक्यात होता. फॉर्मवर १५.८ लिहितोय, म्हणजे हात बसला तरी बाद होणार नाही. पुढच्या टायरची हवा थोडी कमी ठेवून कुणी सुरुवात केली आहे का? मी नेहमी ३२ ठेवतो. किती खाली आणली तर सरळ रेषेत गाडी डोलणार नाही, ते सांगा.