क्रांती पसरते म्हणजे नक्की कशी? मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की आणि आपलं १९३०

कन्ना_चौक_०७

एमए पॉलिटिकल सायन्स करायलोय, पेपर पुढच्या महिन्यात आणि या एका टॉपिकवर डोकंच चालंना झालंय. नोट्समध्ये मार्क्सचं असं दिलंय की भांडवलशाही जिथं पूर्ण वाढली तिथं क्रांती आधी होणार म्हणजे इंग्लंड, जर्मनी वगैरे, आणि झाली कुठं तर रशियात, नंतर चीनमध्ये, जिथं बहुतेक जनता शेतात राबणारी. पुढच्याच पानावर लेनिनची कमकुवत कडी, ट्रॉट्स्कीची अखंड क्रांती, स्टालिनचा एका देशात समाजवाद असं एकामागून एक टाकून दिलंय, कोण कुणाला उत्तर द्यायलाय तेच कळत नाही. माझा प्रश्न साधा आहे, कामगारांची क्रांती सुरू कशी होते आणि एका गावातून दुसऱ्या गावात, एका देशातून दुसऱ्या देशात जाते कशी, आपोआप का कुणीतरी न्यावी लागते?

आणि दुसरं म्हणजे मे १९३० ला आपलं सोलापूर तीन दिवस इंग्रजांच्या हातात नव्हतं, गिरणी कामगार पुढं होते, काहीजण त्याला १८७१ च्या पॅरिस कम्यूनवरून सोलापूर कम्यून म्हणतात. ते या थिअरीत कुठं बसतं, का उगं आपण अभिमानानं बसवतो? सरांना विचारलं तर म्हणले सिलॅबसच्या बाहेर आहे.

जुनी_मिल_कंपाउंड

पहिली गोष्ट, नोट्स फेकून दे. ही सगळी मंडळी एका खोलीत बसून वाद घालत नव्हती, प्रत्येकजण आपल्या समोर नुकतं जे घडलं त्यातून बोलत होता, त्यामुळं साल धरून वाचलं की आपोआप लाईन लागते.

१८४७ मध्ये मार्क्सचा साथी एंगेल्सने प्रश्नोत्तराच्या रूपात एक मसुदा लिहिला, त्यात सरळ प्रश्नच आहे की ही क्रांती एकाच देशात होऊ शकते का, आणि उत्तर आहे नाही. कारण मोठ्या उद्योगाने जगाचा एकच बाजार केलाय, त्यामुळं इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी इथं साधारण एकदमच होईल. लगेच पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पॅरिसमध्ये उठाव, मार्चमध्ये व्हिएन्ना, बर्लिन. पसरणं त्यांनी डोळ्यांनी बघितलं, हवेत लिहिलेलं नव्हतं. पण १८४९ संपेपर्यंत सगळीकडं मार खाल्ला, आणि कारण काय तर व्यापारी-कारखानदार वर्ग राजाला भ्यायचा त्यापेक्षा खालच्या कामगाराला जास्त भ्याला आणि मधेच पलटला. म्हणून १८५० मध्ये मार्क्स-एंगेल्स म्हणाले की कामगारांनी त्यांच्या मागं फरफटत न जाता स्वतःची वेगळी संघटना ठेवायची आणि क्रांती मधेच थांबू द्यायची नाही. अखंड क्रांती हा शब्द ट्रॉट्स्कीच्या आधी तिथं आहे बघ.

आणि मार्क्सने रशिया सोडला होता हे पण खरं नाही. कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या १८८२ च्या रशियन आवृत्तीला जी प्रस्तावना आहे त्यात म्हणलंय की रशियातली क्रांती जर पश्चिमेतल्या कामगार क्रांतीचा इशारा ठरली, दोन्ही एकमेकीला पूरक झाल्या, तर रशियातली गावाची सामाईक जमीन हीच साम्यवादाकडं जायची सुरुवात होऊ शकते. म्हणजे मागास देश आधी उठला तरी चालतंय, पण पुढं टिकायला दुसऱ्याचा हात लागतो. ट्रॉट्स्की, लेनिन, स्टालिन यांचं सगळं भांडण या एका "जर" वर आहे.

पूर्व_भाग_एक्स्प्रेस

वरच्यांनी छान सांगितलं पण हे सगळं देशादेशाचं झालं, खाली कारखान्यात काय होतं ते राहिलंच. मला यात जर्मनीतली क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग सगळ्यात पटते कारण ती पसरणं म्हणजे काय हे खालून सांगते. १९०५ चा रशिया घ्या. सप्टेंबरमध्ये मॉस्कोत एका छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार संपावर गेले, मागणी काय तर पीसरेट वाढवा आणि स्वल्पविराम, पूर्णविराम याचे पण पैसे धरा. बास एवढंच. मग बाकीचे छापखाने, मग बेकरीवाले, ऑक्टोबरात रेल्वे बंद, रेल्वे बंद म्हणल्यावर सगळं बंद, आणि त्यातूनच पीटर्सबर्गला कामगार प्रतिनिधींची सोव्हिएत उभी राहिली आणि झारला संसद द्यायचं कबूल करावं लागलं. कुठल्याही पार्टीने "आता विरामचिन्हावरून सुरू करा" असा ठराव केलेला नव्हता.

आमच्या घरात आई, मावशी दोघी बिडी वळतात म्हणून मला हे वाचताना लगेच कळलं. मजुरी हजार बिडीवर, आणि कारखान्यात छाट काढतात ती वेगळीच, वळलेल्या बिडीचे पैसे नाहीत. बाहेरच्याला वाटतं एवढ्या तेवढ्यावरून काय भांडायचं पण भांडण तिथंच पेटतं. लक्झेंबर्गचं १९०६ चं म्हणणं हेच की पगाराचा संप आणि राजकीय संप असे दोन वेगळे कप्पे नसतात, एक दुसऱ्यात जातो आणि परत येतो, आणि त्या धामधुमीत लोकं जेवढं शिकतात तेवढं वर्षानुवर्षं भाषणं ऐकून शिकत नाहीत.

लेनिनने १९०२ मध्ये बरोबर उलटं लिहिलं होतं, की कामगार नुसते आपापले लढले तर युनियनच्या पलीकडं जात नाहीत, राजकीय समज बाहेरून न्यावी लागते, त्यासाठी पक्की शिस्तीची पार्टी पाहिजे. तुझा "आपोआप का कुणीतरी न्यावी लागते" हा प्रश्न म्हणजे हाच वाद आहे. आणि गंमत बघ, १९१७ ला फेब्रुवारीत पेट्रोग्राडमध्ये पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या कापड गिरण्यांतल्या बायका, महिला दिनाच्या दिवशी (जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे तो फेब्रुवारीत यायचा), भाकरीसाठी. तिथल्या बोल्शेविक म्हणजे लेनिनच्या पार्टीच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी संप नको, अजून वेळ आली नाही असं सांगितलं होतं. बायकांनी ऐकलं नाही आणि आठवड्याभरात झार गेला. पण ऑक्टोबरमध्ये सत्ता घेतली ती मात्र पार्टीने, हे पण तेवढंच खरं.

बाळीवेस_बॉय

शिंदीची झाडं तोडून कम्यून होत असतंय व्हय बे 😂 पॅरिसवाल्यांनी तोफा ताब्यात घेतल्या, आपण झाडं तोडली.

जुनी_मिल_कंपाउंड

@बाळीवेस_बॉय हसायला काय जातंय, पण पॅरिसला सरकारने तोफा न्यायला माणसं पाठवली म्हणून पेटलं आणि इथं दारूविरोधात शिंदीची झाडं तोडणाऱ्यांना पकडलं म्हणून पेटलं, निमित्त बारीकच असतं.

सोलापूरचं सांगतो. ५ मे १९३० ला गांधींना अटक, ६ ला हरताळ, गिरण्यांचे कामगार रस्त्यावर, ८ मे ला गोळीबार झाला त्यात शंकर शिवदारे आणि आणखी लोक गेले, मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, दोन पोलीस मारले गेले. त्यानंतर अधिकारी, पोलीस मागं सरले आणि दोन-तीन दिवस गावात पोलीस दिसत नव्हता, व्यवस्था स्वयंसेवकांनी बघितली. १२ मे पासून मार्शल लॉ, तो जूनच्या शेवटपर्यंत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. चार हुतात्मा चौकातून रोज जातो आपण. यातले कुर्बान हुसेन कामगारांत काम करणारे, गझनफर नावाचा पेपर चालवायचे.

आता थिअरीत बसतं का? माझं मत, अर्धं बसतं. सुरू होणं तंतोतंत बसतं, मोठ्या गिरण्या, एकाच भागात हजारो कामगार, १९२९ च्या मंदीचा मार, आणि वरून एक राजकीय ठिणगी. पसरणं बसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये १८ तारखेला चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला, २३ ला पेशावरला गोळीबार आणि त्यानंतर गढवाली पलटणीच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला, मे मध्ये सोलापूर. तीन आठवड्यात तीन टोकांना तीन धक्के. असंतोष सगळीकडं एकदम वर आला कारण कारणं एकच होती, पण चितगाव, पेशावर आणि सोलापूर यांना जोडणारा दोरा कुणाच्याच हातात नव्हता. काँग्रेसला हिंसेचं वळण नको होतं. कम्युनिस्टांचे बिनीचे पुढारी डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर मार्च १९२९ पासून मीरत खटल्यात आत. आणि बाहेर जे राहिले त्यांच्यापुढं कॉमिन्टर्नची, म्हणजे मॉस्कोहून चालणाऱ्या जगभरच्या कम्युनिस्ट पार्ट्यांच्या संघटनेची, १९२८ ची लाईन, की राष्ट्रीय भांडवलदारांची चळवळ म्हणजे फसवणूक, लांब राहा. म्हणजे कामगार स्वतःहून राष्ट्रीय लढ्यात घुसलाय आणि कामगारांची म्हणवणारी पार्टी कडेला उभी. हे मला आजवर पचलेलं नाही, खरं सांगतो.

लष्कर_भागातला

यात रॉय-लेनिन वाद घातल्याशिवाय पूर्ण होणार नाही. १९२० ला कॉमिन्टर्नच्या दुसऱ्या काँग्रेसमध्ये लेनिन म्हणाला वसाहतींतल्या राष्ट्रीय चळवळींना आधार द्या, मानवेंद्रनाथ रॉय म्हणाले त्यांच्या भरवशावर राहू नका, कामगार-शेतकऱ्यांचं वेगळं उभं करा, आणि युरोपच्या भांडवलशाहीचा जीव वसाहतींत आहे त्यामुळं तिथली क्रांतीच मुळी इथल्या क्रांतीवर अवलंबून आहे. म्हणजे पसरण्याची दिशाच उलटी केली, लंडनहून सोलापूरला नाही तर सोलापूरहून लंडनला. लेनिनने थोडं बदललं, रॉयनी थोडं कमी केलं, दोन्ही प्रबंध मंजूर झाले. पण बघ आठच वर्षांत तीच कॉमिन्टर्न दुसऱ्या टोकाला गेली.

कन्ना_चौक_०७

लै भारी लिहिलंय सगळ्यांनी, धन्यवाद. आता कमकुवत कडी आणि एका देशात समाजवाद एवढंच राहिलं, कुणीतरी सोप्या भाषेत सांगा की. आणि रशियानंतर जर्मनीत का नाही पसरलं? तिथं तर कामगार जास्त होते.

पूर्व_भाग_एक्स्प्रेस

कमकुवत कडी म्हणजे साम्राज्यवाद ही जगभरची साखळी धरली तर ती सगळ्यात प्रगत जागी तुटत नाही, जिथं ताण सगळ्यात जास्त आणि राज्य सगळ्यात ढिलं तिथं तुटते. लेनिनने १९१५ लाच लिहिलं होतं की भांडवलशाहीची वाढ विषम असते त्यामुळं सुरुवात थोड्या देशांत किंवा एकाच देशात होऊ शकते. ट्रॉट्स्कीने त्याचं आतलं कारण दिलं, रशियात कारखानदारी उशिरा आली, परदेशी पैशाने आली म्हणून एकदम मोठ्या कारखान्यांच्या रूपात आली. त्यानेच दिलेला आकडा आहे, १९१४ च्या सुमाराला हजारावर कामगार असलेल्या कारखान्यांत अमेरिकेतले १७.८ टक्के कामगार होते आणि रशियातले ४१.४ टक्के. मागास देशात सगळ्यात एकवटलेला कामगार. आता हेच उलटं करून आपल्याकडं बघ, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडल्या आणि कामगार गेला कुठं तर चार-आठ लूमच्या शेडमध्ये नाहीतर घरात बिडीच्या सुपापुढं. त्यांना एका हाकेला कसं बोलवायचं याचं उत्तर लेनिनच्या १९०२ मध्ये पण नाही आणि लक्झेंबर्गच्या १९०६ मध्ये पण नाही.

जुनी_मिल_कंपाउंड

जर्मनीत झालीच होती रे. नोव्हेंबर १९१८, कीलच्या नौसैनिकांपासून सुरू, आठवडाभरात शहराशहरात कामगार-सैनिकांच्या परिषदा, कैसर पळाला. पण परिषदांत बहुमत जुन्या सोशल डेमोक्रॅट पार्टीचं, त्यांना संसद पाहिजे होती, क्रांती नको होती. जानेवारी १९१९ ला लक्झेंबर्ग आणि तिचा साथी लीब्क्नेख्तला मारलं. हंगेरीत मार्च ते ऑगस्ट सोव्हिएत राज्य चाललं, पडलं. बव्हेरिया तर महिनाभरात आटोपलं. १९२० ला लाल सैन्य वॉर्सॉपर्यंत गेलं, पोलंडचे कामगार उठतील या आशेवर, ते उठले नाहीत उलट लढले. संगिनीच्या टोकावर क्रांती नेता येत नाही हे तिथं कळलं. १९२३ ला जर्मनीत शेवटचा प्रयत्न, तो पण फसला.

आता १९२४ बघ. वर्षाच्या सुरुवातीला स्टालिन स्वतः लिहितो की समाजवादाच्या अंतिम विजयाला एका देशाची ताकद पुरत नाही, अनेक प्रगत देश पाहिजेत. वर्ष संपायच्या आत मजकूर बदलला, समाजवाद उभारायला एका देशाची ताकद पुरते म्हणाला. कारण बाहेरून कुणी यायचं नाही हे स्पष्ट झालं होतं. हरल्यानंतर बांधलेली थिअरी आहे ती, माझं स्पष्ट मत. तुरुंगात बसून इटलीचा कम्युनिस्ट पुढारी ग्राम्शीने याच हरण्याचा वेगळा अर्थ लावला, की रशियात राज्य हेच सगळं होतं, एक धक्का दिला की पडलं, पण पश्चिमेत राज्याच्या मागं शाळा, चर्च, पेपर, पार्ट्या, क्लब अशी खंदकांची रांगच आहे, तिथं लांबची लढाई लढावी लागते.

बाळीवेस_बॉय

एवढं सगळं झालं आणि शेवटी आपल्याकडं काय, तर रे नगरला कामगारांची घरं. २०२४ ला मोदींच्या हस्ते चाव्या, स्टेजवर कम्युनिस्ट पुढारी आडम मास्तर. हीच का जागतिक क्रांती 😄

पूर्व_भाग_एक्स्प्रेस

@बाळीवेस_बॉय माझी मावशी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते, दहा हजार घरं आहेत तिथं बिडीवाल्या बायकांची. आधी घरकुलात एका खोलीत सात माणसं होती. सुधारणा का क्रांती हा वाद लक्झेंबर्गने १८९९ लाच घातलाय, तिचं म्हणणं सुधारणेसाठी लढणं सोडायचं नाही, फक्त तेच शेवट धरायचं नाही. तिथं पोचलं का नाही यावर भांड, घरावर हसू नको.

बाळीवेस_बॉय

घरावर नाही हसलो बे, स्टेजवर हसलो.

कन्ना_चौक_०७

भांडू नका 🙏 शेवटचं, पंधरा मार्काला आलं तर सोलापूर लिहू का नको?

जुनी_मिल_कंपाउंड

लिही, पण उत्तराच्या शेवटी पाच-सहा ओळीच, आणि पेशावर-चितगावशी तुलना करून लिही म्हणजे तपासणाऱ्याला नुसता गावाचा अभिमान आहे असं वाटणार नाही. १९२४ च्या आधीचं आणि नंतरचं दोन भागात तोड. चीन विसरू नको, १९२७ ला शांघायमध्ये कामगारांची कत्तल झाल्यावर माओ खेड्याकडं वळला, तो शहराला वेढा घालायचा सिद्धांत तिथून येतो, त्यावर कुणीच काही लिहिलं नाही इथं.