मदत हवी आहे: मनःस्थितीप्रमाणे बदलणारा गेम, पण बदल ठरवायचा कुणी?

नमस्कार मंडळी,

परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून आम्ही काही जण मोबाइलवरचा छोटा गेम बनवतोय. उपचार म्हणून नाही. झोप, श्वास, डोक्यात फिरणारे विचार यांच्याकडे लक्ष द्यायची सवय लागावी, एवढाच हेतू. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचा 'स्पार्क्स' हा नैराश्य कमी करण्यासाठीचा गेम डोळ्यांसमोर आहे. १२ ते १९ वयाच्या, नैराश्याची लक्षणं असलेल्या १८७ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले, त्यात तो नेहमीच्या समुपदेशनापेक्षा कमी पडला नाही. पण त्याचे सात टप्पे ठरलेल्या क्रमाने येतात. आम्हाला आमचा गेम प्रत्येकासाठी वेगळा हवाय, आणि तिथेच गाडं अडलंय.

खेळण्याच्या पद्धतीवरून गेमनेच ओळखावं, असा एक विचार. सलग हरला की पातळी सोपी, रात्री उशिरा खेळला की श्वासाचा व्यायाम पुढे. तांत्रिकदृष्ट्या हे जमतं. पण रात्री दोनला खेळणारा प्रत्येक जण अस्वस्थच असतो का? कदाचित अभ्यास संपवून नुकताच मोकळा झाला असेल. आणि पातळी गुपचूप सोपी केल्याचं लक्षात आलं, तर 'मला जमतच नाही' हेच मनात पक्कं होणार. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा मांडल्या आहेत. अशा छुप्या बदलाने पहिल्या दोन्हींना धक्का लागतो, असं माझं मत.

मग सगळं विद्यार्थ्यावरच सोपवावं? मन खचलेलं असताना निवड करणंच जड जातं. पर्यायांनी भरलेली स्क्रीन बघून एखादी मुलगी गेम तिथेच बंद करेल.

म्हणून माझा कल असा: गेमने एकच गोष्ट सुचवावी, का सुचवली ते सांगावं, आणि 'आज नको' म्हणणं एका टॅपवर असावं. कुणी असं करून पाहिलंय का? मुलं कारण वाचतात की नुसतं पुढे ढकलतात?

आणखी एक. 'डब्ल्यूएचओ-५' ही जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्वास्थ्याबद्दलची पाच प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे ती रोज वापरण्यात अर्थ नाही. रोजच्यासाठी काय विचारावं? रोज खेळल्याची साखळी आम्ही ठेवणार नाही, ती तुटली की खचलेल्या मुलाला आणखी अपराधी वाटतं. नोंदी फोनमध्येच राहतील.

समुपदेशकांना खास विनंती: कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल लिहिलं, तर गेम थांबवून माणसाशी जोडून द्यायचं, हे नक्की. पण कुणाशी, आणि त्याची संमती आधी कशी घ्यायची? हे ठरल्याशिवाय गेम कुणाच्याही हातात द्यायचा नाहीये.