चंदगडला माल पाठवण्याआधी

ताई, आपल्या कर्नाटकातल्या खानापुरात घरच्या घरी पापड आणि शेंगाचटणी करून विकायचा बेत छानच. तुम्ही विचारलेल्या पॅकिंगबद्दल बाकी सगळ्यांनी सांगितलंय, पण महाराष्ट्रात चंदगड-कोल्हापूरकडेही माल पाठवणार म्हणालात, तिथे जरा थांबा. चटणीवर जीएसटी लागतो आणि करपात्र माल परराज्यात विकला की उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. चंदगड आपल्याला शेजघर वाटतं, कायद्याला ते परराज्यच! पापडावर मात्र कर नाही. म्हणून सुरुवातीला चटणी खानापूर-बेळगावातच खपवा, पलीकडे पापड जाऊ देत. एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी दोन्हींना हवी, तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. आणि लेबल नुसतं मराठीत किंवा कन्नडात चालत नाही; तपशील इंग्रजीत किंवा हिंदीत लागतोच.